रोजकीर्द, खतावणी आणि संगणकाचें दप्तर

जुन्या धर्तीच्या व्यापारी पेढीवर हिशेबाच्या दोन मुख्य वह्या असत. एकीचें नांव रोजकीर्द व दुसरीचें खतावणी. रोजकीर्दींत दिवसाचे व्यवहार ज्या क्रमानें घडले त्याच क्रमानें लिहावयाचे : अमक्यास तांदूळ दिले, तमक्याकडून रुपये आले, गाडीभाडें दिलें. खतावणींत तेच व्यवहार ज्याच्या त्याच्या नांवाखालीं निरनिराळ्या पानांवर पुनः मांडावयाचे. “गेल्या मंगळवारीं पेढीवर काय काय झालें?” असा प्रश्न आला म्हणजे मुनीम रोजकीर्द उघडीत असे. “अमक्या गृहस्थाकडे आपलें येणें कसकसें वाढत गेलें?” असें विचारलें म्हणजे तो खतावणींतील त्या गृहस्थाचें पान काढीत असे. दोन्ही वह्यांतील मजकूर एकच; परंतु ज्या प्रश्नासाठीं जी वही बांधलेली, त्याचें उत्तर तिच्यांतून क्षणांत मिळे, आणि दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर तिच्यांतून काढावयाचें म्हटलें तर सारी वही चाळावी लागे.

ही परिचित गोष्ट आरंभींच सांगण्याचें कारण असें कीं, एका अगदीं नव्या वाटणाऱ्या विषयाची किल्ली तिच्यांत आहे. संगणकाच्या प्रोग्रॅमांत कोणीं, केव्हां व कां बदल केला याचें दप्तर राखणाऱ्या ज्या व्यवस्था आहेत, त्यांस ‘व्हर्शन कंट्रोल’ असें म्हणतात. आपण त्यांस आवृत्ति-व्यवस्था म्हणूं. अशा व्यवस्था अनेक आहेत, आणि जुना इतिहास काढून दाखविण्याच्या कामीं त्यांपैकीं सर्वांत जलद कोणती, हा वाद त्या धंद्यांतील लोकांत वरचेवर निघतो. हा वाद नीट समजून घेतला म्हणजे केवळ संगणकाविषयींच नव्हे, तर एकंदर टिपण कसें ठेवावें याविषयींहि कांहीं उपयुक्त ज्ञान पदरीं पडतें.

प्रथम या दप्तराची गरज कां पडते तें पाहूं. संगणकाचा प्रोग्रॅम म्हणजे शेवटीं लिहिलेला मजकूरच होय. मोठा प्रोग्रॅम लक्षावधि ओळींचा असतो आणि तो शेंकडों माणसें अनेक वर्षें लिहीत असतात. प्रत्येकानें आपला बदल पुरा केला म्हणजे त्याची एक नोंद करावयाची. या नोंदीस ‘कमिट’ म्हणतात. तींत बदल कोणीं केला, कोणत्या दिवशीं केला, आणि कोणत्या कारणासाठीं केला हें लिहिलेलें असतें. या नोंदी सर्वांत नव्या नोंदीपासून मागें मागें ओळीनें वाचून दाखविणें, यास ‘लॉग’ काढणें म्हणतात.

आतां समजा, एखाद्या तरुण अभियंत्यास प्रोग्रॅम वाचतांना एक ओळ सर्वथा निरुपयोगी दिसली. ती पुसून टाकावी असें त्याच्या मनांत येतें. परंतु कदाचित् ती ओळ आठ वर्षांपूर्वीं कोणीतरी एक अवघड दोष दूर करण्यासाठींच घातलेली असेल. तो मनुष्य नोकरी सोडून गेला असेल, आणि त्या ओळीचें कारण सांगणारा एकच साक्षीदार उरला असेल, तो म्हणजे लॉग. लॉग अर्ध्या सेकंदांत निघत असेल तर हा तरुण सहज तो पाहील, आणि हात आंवरील. लॉग निघावयास पांच मिनिटें लागत असतील तर एकदोन वेळां तो वाट पाहील. पुढें पाहणेंच सोडून देईल. आणि एके दिवशीं ती ओळ पुसून जुना दोष पुनः जागा करील. ज्या इतिहासाचा शोध घ्यावयास फार वेळ लागतो, तो इतिहास असून नसल्यासारखाच होय. म्हणून लॉगच्या गतीचा हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक दिसला तरी तो तसा नाहीं.

या व्यवस्थांचा आरंभ इ. स. १९७२ मध्यें झाला. त्या वर्षीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत मार्क रॉचकाइंड यांनीं एस.सी.सी.एस. नांवाची व्यवस्था रचली. तींत एका फायलीच्या सर्व आवृत्त्यांच्या ओळी एकाच ठिकाणीं एकमेकींत गुंफून ठेवीत. त्यामुळें आजची आवृत्ति काढा कीं दहा वर्षांपूर्वींची काढा, सारी गुंफण वाचल्यावांचून ती हातीं येत नसे. पुढें १९८२ च्या सुमारास पर्ड्यू विद्यापीठांतील वॉल्टर टिची यांनीं आर.सी.एस. ही दुसरी व्यवस्था प्रसिद्ध केली. त्यांनीं असा विचार केला कीं, लोकांस बहुतेक वेळां ताजी आवृत्तिच हवी असते. मग तीच पुरती लिहून ठेवावी, आणि मागची आवृत्ति “हिच्यांतून या दोन ओळी काढा, अमकी एक घाला” अशा सूचनांच्या रूपानें ठेवावी. ताजी आवृत्ति तत्काल मिळूं लागली. जितकें मागें जावें तितका वेळ मात्र अधिक. म्हणजे अगदीं आरंभींच्या या दोन व्यवस्थांतहि गतीचा प्रश्न ‘कोणता प्रश्न अधिक वेळां विचारला जाईल?’ या अंदाजावर येऊन ठेपला होता.

१९८६ सालीं ॲम्स्टरडॅम येथील एका विद्यापीठांत डिक ग्रून यांनीं आर.सी.एस.च्या पायावर सी.व्ही.एस. ही व्यवस्था उभारली, आणि पुढें कित्येक वर्षें जगांतील फार मोठें काम तिच्यावर चाललें. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर सी.व्ही.एस. ही निव्वळ खतावणी होय. प्रत्येक फायलीचें खातें वेगळें; तिचा सारा इतिहास त्या एकाच खात्यांत. एका फायलीचा लॉग मागा, तो खातें उघडून लगेच वाचून दाखवितां येतो. परंतु “साऱ्या प्रकल्पांत गेल्या आठवड्यांत काय घडलें?” असें विचारा, कीं हजारों खातीं एकामागून एक उघडण्याची पाळी येते. याहूनहि मोठी अडचण निराळीच. एका मनुष्यानें एकाच हेतूनें दहा फायलींत मिळून एक बदल केला, तर त्याची नोंद दहा खात्यांत दहा वेळां होई. पण हे दहा बदल मुळांत एकच होते हें सांगणारा धागा कोठेंच नसे. पुढें तो धागा जुळविण्यासाठीं वेगळे प्रोग्रॅम लिहावे लागले. ते बदल करणाराचें नांव, नोंदीचा मजकूर आणि वेळ हीं ताडून पाहत आणि ‘हे दहा बदल बहुधा एकत्रच झाले असावे’ असा तर्क करीत. ‘बहुधा’ या शब्दाकडे लक्ष द्या. जेथें नोंद नाहीं तेथें तर्कावरच भागवावें लागतें.

हें व्यंग दूर करावें या हेतूनें कोलॅबनेट नांवाच्या कंपनीच्या आश्रयानें २००० सालीं सबव्हर्शन या व्यवस्थेचें काम सुरू झालें, व तिची पहिली पूर्ण आवृत्ति फेब्रुवारी २००४ मध्यें बाहेर पडली. सबव्हर्शननें रोजकीर्द स्वीकारली. प्रत्येक बदलास साऱ्या प्रकल्पाचा मिळून एक अनुक्रमांक : पहिला, दुसरा, तिसरा, याप्रमाणें. दहा फायली बदलल्या तरी नोंद एकच. परंतु ही रोजकीर्द एकाच ठिकाणीं, मुख्य पेढीवर, म्हणजे सर्व्हरवर असे. इतर सर्वांनीं आपल्या टेबलावर केवळ चालू मजकुराची प्रत ठेवावयाची, आणि इतिहास पाहिजे झाला कीं तारेनें पेढीवर विचारावयाचें.

येथें गतीच्या आड एक नवीनच गोष्ट आली. ती म्हणजे अंतर. पुण्यामुंबईच्या पुष्कळ कचेऱ्यांतून परदेशांतील कंपन्यांचें काम चालतें, आणि अशा कामाचा सर्व्हर कित्येकदां अमेरिकेंत असे. मुंबईपासून न्यूयॉर्क सरळ रेषेनें सुमारें १२,५०० किलोमीटर आहे. कांचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें दोन लाख किलोमीटर या वेगानें जातो. म्हणजे प्रश्न जावयाचा आणि उत्तर यावयाचें, या २५,००० किलोमीटरांच्या फेरीस सेकंदाचा आठवा भाग तरी लागणारच. आणि तारा समुद्रांतून वळसे घेत जात असल्यामुळें प्रत्यक्षांत याहून अधिक. सर्व्हर कितीहि वेगवान घ्या, हा वेळ त्याच्या हातचा नव्हे. तो निसर्गाच्या नियमाचा आहे. शिवाय त्याच वेळीं शेंकडों माणसें तोच सर्व्हर विचारीत असतील तर रांगेंत थांबावें लागणार, आणि तार तुटली तर इतिहासच बंद!

आतां आपण २००५ या वर्षाकडे येतों. लिनक्स नांवाची संगणकाची जी सुप्रसिद्ध मूळ यंत्रणा आहे, तिचें दप्तर २००२ पासून बिटकीपर नांवाच्या एका खासगी मालकीच्या व्यवस्थेंत ठेवलें जात होतें. लिनक्सच्या कार्यकर्त्यांस ती व्यवस्था विनामूल्य वापरावयाची जी परवानगी होती, ती २००५ च्या एप्रिल महिन्यांत काढून घेण्यांत आली. लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्स यांनीं त्या वेळीं उपलब्ध असलेल्या इतर व्यवस्था पाहिल्या. पण एकीचीहि गति त्यांस पसंत पडेना. त्यांचा हिशेब सरळ होता. एका वेळीं २५० बदल स्वीकारण्याचे प्रसंग त्यांस येत. एका बदलास ३० सेकंद लागले तर २५० बदलांस ७,५०० सेकंद, म्हणजे दोन तासांहून अधिक वेळ होतो. तोच ३ सेकंद लागले तर साडेबारा मिनिटांत काम उरकतें. तेव्हां त्यांनीं स्वतःच नवी व्यवस्था लिहावयास घेतली. ३ एप्रिलला काम आरंभलें, आणि ७ एप्रिलला त्या व्यवस्थेचें स्वतःचें दप्तर तिच्यांतच राहूं लागलें! हीच आज सर्वत्र वापरली जाणारी गिट होय. योगायोग असा कीं, त्याच महिन्यांत त्याच निकडीपोटीं ऑलिव्हिया मॅकॉल यांनीं मर्क्युरियल नांवाची दुसरी व्यवस्था जाहीर केली. या दोहोंतहि एक गोष्ट समान होती : संपूर्ण इतिहासाची प्रत प्रत्येकाच्या स्वतःच्या संगणकावर ठेवावयाची. त्यामुळें लॉग पाहावयास समुद्रापार जाण्याचें कारण उरलें नाहीं. सबव्हर्शनच्या मानानें या दोन्ही व्यवस्था जलद वाटतात याचें एक मोठें कारण एवढेंच आहे कीं, वही आपल्याच टेबलावर आहे.

परंतु या दोन जुळ्या बहिणींची वही बांधण्याची रीत वेगळी आहे, आणि आपल्या विषयाचें मर्म तेथेंच आहे.

गिटच्या प्रत्येक नोंदींत पुढील गोष्टी असतात : त्या वेळीं साऱ्या प्रकल्पाचें स्वरूप काय होतें त्याची खूण, त्या आधींची नोंद कोणती तिची खूण, करणाराचें नांव व तारीख, आणि कारणाचा मजकूर. खूण म्हणजे त्या त्या मजकुरावरूनच गणितानें काढलेली, सामान्यतः चाळीस अंकाक्षरांची, एक लांबलचक संख्या होय. मजकुरांत एक अक्षर जरी बदललें तरी खूण बदलते. आणि मागच्या नोंदीची खूण पुढच्या नोंदींत गोंवलेली असल्यामुळें जुनी नोंद कोणी गुपचूप बदलूं म्हणेल तर तिच्यापुढील सर्व नोंदींच्या खुणा बदलून लबाडी उघडकीस येते. साऱ्या प्रकल्पाचा लॉग काढणें या रचनेंत अगदीं सोपें. शेवटची नोंद उघडावी, वाचावी, तींतील खुणेवरून मागची उघडावी, असें चालत राहावें. प्रकल्पांत फायली किती आहेत याच्याशीं या कामाचा संबंधच येत नाहीं. गिट उत्तम रोजकीर्द आहे.

पण गिटला तुम्ही एकाच फायलीचा इतिहास मागा. गिटजवळ फायलीचें खातें नाहीं. मग ती काय करते? पुनः शेवटच्या नोंदीपासून मागें चालूं लागते, आणि प्रत्येक नोंदीपाशीं थांबून विचारते, “या वेळीं ती फाइल बदलली होती काय?” त्यासाठीं त्या नोंदीचें व तिच्या मागच्या नोंदीचें स्वरूप ताडून पाहावें लागतें. येथें एक युक्ति तिच्या मदतीस येते. प्रत्येक फोल्डरासहि खूण असते. दोन नोंदींत एखाद्या फोल्डराची खूण सारखीच असेल तर आंत कांहींहि बदललें नाहीं हें तो न उघडतांच कळतें. तरीहि प्रत्येक नोंदीपाशीं थांबणें कांहीं चुकत नाहीं. लिनक्सच्या दप्तरांतील नोंदी आतां दहा लाखांहून अधिक झाल्या आहेत. एखादी फाइल आजवर दोनदांच बदलली असली, तरी त्या दोन नोंदी शोधावयास रोजकीर्दीचीं सारीं पानें उलटावीं लागणार.

मर्क्युरियलनें दोन्ही वह्या ठेवल्या. साऱ्या प्रकल्पाच्या नोंदींची एक रोजकीर्द, आणि शिवाय प्रत्येक फायलीचें वेगळें खातें. खात्यांतील प्रत्येक ओळीजवळ ती रोजकीर्दीच्या कोणत्या क्रमांकाच्या नोंदीशीं जुळते तो आंकडा लिहिलेला. या वह्यांच्या अनुक्रमणिकेंत प्रत्येक ओळ सारख्याच लांबीची, ६४ बाइटांची, असते. त्यामुळें पांचहजारावी ओळ पाहिजे असल्यास आधींच्या ओळी न वाचतां केवळ गुणाकार करून नेमक्या जागीं जातां येतें. म्हणून एका फायलीचा लॉग मर्क्युरियल बरेंच लवकर देऊं शकते. उलटपक्षीं, ती मुख्यतः पायथन या भाषेंत लिहिलेली असल्यामुळें तिला नुसतें सुरू होण्यासच गिटपेक्षां अधिक वेळ लागतो. मोठ्या प्रश्नांत हा वेळ झांकून जातो. पण दिवसांतून शंभर वेळां लहान लहान प्रश्न विचारणाऱ्यास तोच खुपतो.

तर मग जलद कोणती? वाचकांच्या आतां लक्षांत आलेंच असेल कीं, हा प्रश्नच अपुरा आहे. ‘कोणत्या प्रश्नाचें उत्तर देण्यांत जलद?’ असें विचारलें पाहिजे. साऱ्या प्रकल्पाचा लॉग असेल तर सी.व्ही.एस. सर्वांत मागें आणि गिट बहुधा सर्वांत पुढें. एका जुन्या, क्वचित् बदललेल्या फायलीचा लॉग असेल तर वयानें वडील असलेली सी.व्ही.एस.हि तरुण गिटला मागें टाकूं शकेल. शर्यतींतील घोडा एका मैदानावर जिंकला म्हणून डोंगरचढणीवरहि तोच जिंकेल असें नाहीं.

शिवाय अशी शर्यत न्यायानें लावणेंहि सोपें नाहीं. शाळेच्या प्रयोगशाळेंत आपण ‘इतर सर्व गोष्टी सारख्या ठेवून’ असे शब्द वापरतों. त्यांचें महत्त्व येथें चांगलें दिसून येतें. पहिली सावधगिरी ही कीं, तोच लॉग लागोपाठ दोनदां काढला तर दुसऱ्या वेळीं तो पुष्कळ लवकर निघतो. कारण पहिल्या वेळीं डिस्कवरून वाचलेला मजकूर संगणकाच्या स्मृतींत राहिलेला असतो. एका व्यवस्थेची पहिली वेळ आणि दुसरीची दुसरी वेळ घेऊन तुलना केली तर ती अन्यायाची होईल. दुसरी ही कीं, पहिली ओळ दिसावयास लागणारा वेळ आणि शेवटची ओळ दिसावयास लागणारा वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गिट सांपडेल ती नोंद लगेच दाखवूं लागते. बहुतेक माणसें पहिलें एखादें पान वाचूनच थांबतात. त्यांच्या दृष्टीनें पहिल्या ओळीचा वेळच खरा. तिसरी, आणि सर्वांत सूक्ष्म सावधगिरी ही कीं, दोन्ही उत्तरें एकच आहेत ना, हें पाहिलें पाहिजे. एका फायलीचा इतिहास सांगतांना गिट सामान्यतः ज्या उपशाखेचा अंतिम मजकुरावर परिणाम झाला नाहीं ती शाखा वगळूनच सांगते. मर्क्युरियलच्या खात्यांतहि, दोन शाखांत योगायोगानें नेमका तोच बदल झाला असल्यास, त्याची नोंद एकाच ठिकाणीं राहते. यांत फसवणूक कसलीच नाहीं. परंतु ज्या दोघां विद्यार्थ्यांनीं निरनिराळीं उदाहरणें सोडविलीं, त्यांपैकीं कोणीं आधीं पाटी खालीं ठेविली हें मोजून हुशारी ठरवितां येत नाहीं.

पुढें या कथेस एक बोधप्रद वळण मिळालें. २०१७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट कंपनीनें आपल्या विंडोज या यंत्रणेचा सारा मूळ मजकूर गिटमध्यें आणला. त्यांत सुमारें ३५ लाख फायली होत्या, दप्तर सुमारें ३०० गिगाबाइटांचें होतें, आणि त्यावर सुमारें ४,००० अभियंते काम करीत. एवढ्या ओझ्याखालीं गिटची रोजकीर्द चाळणें जड जाऊं लागलें. तेव्हां त्या कंपनीचे डेरिक स्टोली व इतर कार्यकर्ते यांनीं गिटमध्यें दोन सुधारणा घडवून आणल्या.

पहिली सुधारणा २०१८ च्या जून महिन्यांत, गिटच्या २.१८ या आवृत्तींत आली. प्रत्येक नोंद दाबून, लहान करून ठेवलेली असते. ती उघडून वाचणें हेंच खर्चाचें काम. म्हणून सर्व नोंदींचा सांगाडा तेवढा एका स्वतंत्र फायलींत सारख्या लांबीच्या ओळींनीं लिहून ठेवला : मागची नोंद कोणती, तारीख कोणती, आणि पिढी कितवी. ही पिढी म्हणजे आपल्या घरच्या वंशावळींतील पिढीसारखीच. जिच्या मागें कांहीं नाहीं ती नोंद पहिल्या पिढीची. बाकी प्रत्येक नोंदीची पिढी तिच्या पूर्वजांतील सर्वांत मोठ्या पिढीहून एकानें अधिक. याचा उपयोग असा : सातव्या पिढींतील मनुष्य पांचव्या पिढींतील मनुष्याचा आजा असूं शकत नाहीं, हें सांगावयास सारी वंशावळ उलगडावी लागत नाहीं. त्याचप्रमाणें ‘ही नोंद तिच्या आधींची काय?’ या प्रश्नाचें ‘नाहीं’ हें उत्तर पुष्कळदां केवळ दोन आंकडे पाहूनच देतां येतें.

दुसरी सुधारणा २०२० सालीं, २.२७ या आवृत्तींत आली, आणि ती एका फायलीच्या इतिहासासाठींच होती. तिचें मूळ बर्टन ब्लूम यांनीं १९७० मध्यें सुचविलेल्या एका युक्तींत आहे. प्रत्येक नोंदीजवळ लहान लहान रिकाम्या घरांची एक पट्टी ठेवावयाची. त्या नोंदींत जी जी फाइल बदलली, तिच्या नांवावर गणिताची एक क्रिया सात प्रकारांनीं करून सात आंकडे काढावयाचे, आणि त्या त्या क्रमांकाच्या घरांत खूण करावयाची. पुढें एखाद्या फायलीचा इतिहास विचारला कीं तिच्या नांवाचे सात आंकडे काढून पट्टी पाहावयाची. सातांपैकीं एक जरी घर रिकामें असेल, तर ती फाइल त्या नोंदींत बदलली नाहीं हें निश्चित. नोंद न उघडतां पुढें चालावें. सातही घरें भरलेलीं असतील तर ती ‘बहुधा’ बदलली. मग नोंद उघडून खात्री करून घ्यावी. दर नांवामागें दहा घरें ठेवलीं तर खोटा होकार शंभरांत सुमारें एकदां येतो. खोटा नकार मात्र कधींच येत नाहीं. म्हणजे चूक होतेच तर ती थोडे अधिक श्रम करावयास लावणारी होते, खरी गोष्ट दडविणारी होत नाहीं. शोधाच्या साधनानें कोणत्या बाजूस चुकावें, याचा हा उत्तम नमुना आहे. या पट्ट्यांमुळें गिटच्या एका फायलीच्या लॉगची गति पुष्कळ वाढली.

आतां या सर्वांतून निघणारा मुख्य सिद्धांत पाहा. गिटनें आरंभीं केवळ रोजकीर्द ठेवली होती. पंधरा वर्षांनीं तिला खतावणीसारखी सोय हवीशी झाली, आणि ती जुन्या रोजकीर्दीवरूनच करून घेतां आली. हा सांगाडा आणि ह्या पट्ट्या पुसून टाकल्या तरी कांहीं बिघडत नाहीं. मूळ नोंदींवरून त्या पुनः तयार करतां येतात. याच्या उलट सी.व्ही.एस.ची स्थिति. तिच्यापाशीं खतावणीच होती. आणि जेव्हां लोकांस रोजकीर्द पाहिजे झाली, तेव्हां ती तर्कानेंच जुळवावी लागली. गति मागाहून मिळवितां येते. न लिहिलेला संबंध मागाहून मिळवितां येत नाहीं. म्हणून जो कोणी टिपण ठेवूं इच्छितो त्यानें प्रथम पाहावें कीं, घडलेली गोष्ट घडली तशी, सगळी, एकत्र लिहिली गेली कीं नाहीं. ती लवकर कशी सांपडेल याची चिंता दुसरी.

या दप्तराचा एक उपयोग सांगून लेख पुरा करतों. प्रोग्रॅम गेल्या महिन्यांत ठीक चालत होता, आज चालत नाहीं. मध्यें हजार नोंदी झाल्या आहेत. दोष कोणत्या नोंदीबरोबर शिरला? एक एक नोंद तपासीत बसलें तर हजार वेळां तपासावें लागेल. त्याऐवजीं मधली नोंद घ्यावी. तेथें प्रोग्रॅम चालतो? तर दोष पुढच्या अर्ध्या भागांत. चालत नाहीं? तर मागच्या अर्ध्या भागांत. पुनः उरलेल्याचे दोन भाग करावे. दोनाचा दहावा घात १,०२४ होतो हें तुम्हीं गणितांत पाहिलेंच आहे. म्हणून हजार नोंदींत दोषी नोंद दहा तपासण्यांत सांपडते, आणि दहा लाख नोंदींत वीस तपासण्यांत! गिट व मर्क्युरियल या दोहोंतहि ही सोय आहे. परंतु ती वीस पायऱ्यांनीं तुम्हांस ज्या एका नोंदीपाशीं नेऊन उभी करते, त्या नोंदींत जर “बदल केला” एवढेच दोन शब्द लिहिलेले असतील, तर सारी धांवपळ व्यर्थ गेली असें समजा. कारण कोणतीहि व्यवस्था, ती कितीहि चपळ असो, जें लिहिलें आहे तेंच आणून देते. ज्यानें बदल केला त्यानें त्याचें कारण त्याच दिवशीं लिहिलें नाहीं, तर तें कारण जगांतील सर्वांत वेगवान संगणकहि शोधून काढूं शकणार नाहीं.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं जे पुढें या धंद्यांत जातील, आणि आज असे पुष्कळ आहेत, त्यांनीं वेगाच्या वादांत अवश्य पडावें. घड्याळ लावून, सर्व गोष्टी सारख्या ठेवून, स्वतः प्रयोग करून पाहावे. पालकांसहि एक विनंति आहे. मुलांनीं आपल्या अभ्यासाच्या, प्रयोगाच्या किंवा घरखर्चाच्या वहींत तारीख, केलेली गोष्ट आणि तिचें कारण या तीन बाबी रोज लिहाव्या अशी संवय त्यांस लहानपणींच लावावी. या संवयीस संगणक लागत नाहीं. परंतु ज्याला ती आहे, त्याच्या हातीं आलेला संगणक सार्थकीं लागतो.